आधी आवक, मग जावक

आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर कोकरे तात्यांचा. आणि तात्या म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतो तो बारामतीचा एस.टी. स्टँड. गाडी लागली की सगळं जग ओरडतं, "आधी उतरू द्या!" तात्या एकटे छत्री पुढे धरून उतरणाऱ्यांच्या गर्दीत शिरायचे.

"अवो तात्या, मान्सं उतरू तर द्या!" कंडक्टर विनवायचा.

"कुठल्या हापिसात आधी जावक अस्ती, सांगा की! आधी आवक, मग जावक."

तात्या आमच्या कॉलेजात आवक-जावक क्लार्क होते. आलेल्या पत्रांचं एक रजिस्टर, जाणाऱ्यांचं दुसरं. त्या दिवशी आलेल्या सगळ्या टपालाची नोंद झाल्याशिवाय एक पाकीट बाहेर जायचं नाही, मग ते प्राचार्यांचं असो. हा नियम ते घरीही पाळत. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं काकूंनी विचारलं की तात्या हाताने खूण करत, 'आवक पुरी होऊ दे.' जेवण संपल्यावर सांगत, "मीठ न्हाय." तोवर भाजीही संपलेली असे.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात ईमेलचा सर्व्हर आला. तो कुणी सांभाळायचा यावर प्राध्यापकांची बैठक झाली आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव आठवलं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "टपालच आहे ना ते? मग तात्यांकडे द्या."

मी तेव्हा कॉलेजच्या इंदापूर उपकेंद्रात संगणक शिकवत होतो. आमच्या पणदरे गावातल्या घरातला मी पहिलाच पदवीधर. घरात वीज होती, पण पुस्तक नव्हतं. त्यामुळे कुणी मला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं की अजून ऊर भरून येतो. दर शनिवारी मी बारामतीला जाऊन सर्व्हरचं जाडजूड पुस्तक वाचायचो आणि तात्या ते रजिस्टरात मराठीत उतरवायचे.

सहा महिने बरे गेले. मग घोळ झाला. आमचा सर्व्हर कुणाचंही पत्र घेऊन कुणालाही पोचवत होता. परदेशातल्या कुणा लबाडाला त्याचा वास लागला आणि त्याने आमच्या दारातून टकलावर केस उगवणाऱ्या औषधाच्या ढीगभर जाहिराती जगभर पाठवल्या. एक आमच्या प्राचार्यांनाही आली. त्यांना टक्कल होतं. त्यांना वाटलं, स्टाफपैकीच कुणीतरी मुद्दाम केलं.

खरं काय ते कळेपर्यंत दुसरे सर्व्हर आम्हालाच जाहिरातवाले समजून कॉलेजची पत्रं परत करू लागले होते. प्राचार्य कडाडले, "उद्यापासून बाहेरून आलेलं एकही पत्र इथून पुढे जाता कामा नये!"

म्हणजे आमचं इंदापूर बंद, कारण आमची पत्रंही बाहेरून येऊन याच सर्व्हरमधून पुढे जायची. आम्ही फोन जोडून इंटरनेट घ्यायचो आणि दर जोडणीला आमच्या संगणकाला इंटरनेटवरचा नवा पत्ता मिळायचा. सर्व्हरने आम्हाला ओळखायचं कसं?

तात्यांनी सुपारी कातरली. बराच वेळ कातरली. मग म्हणाले, "संपत, चोर हितं पत्र टाकाया येतोय. न्याया येतोय का कधी?"

"नाही."

"आपलं टपाल न्याया पासवर्ड लागतोय. म्हंजी ज्यानं आत्ता आपलं टपाल नेलं, त्यो आपला माणूस. त्याला अर्धा तास दार उघडं. बाकीच्यांनी पेठंतनं हिंडून यावं."

मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी परदेशात हीच युक्ती केल्याचं मला पुढे कळलं. पण त्यांना ती आवक-जावकच्या टेबलावर सुचली नव्हती. दोन शनिवारांत आम्ही ती बसवली आणि टकलाचं औषध थांबलं.

या नियमाचा पहिला तडाखा मलाच बसला. पुण्याच्या एका दुकानदाराने मला संगणक दुरुस्तीची नोकरी देऊ केली होती. बारापर्यंत ईमेलने होकार हवा होता. पावणेबाराला मी पत्र पाठवलं, सर्व्हरने नाकारलं. लाइन तोडून मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, पत्र जात नाही!"

"आवक घेतली का?"

"मला काही बघायचं नाही, पाठवायचंय! बारा वाजतायत!"

"वाजू द्या. आधी आवक."

चरफडत मी पुन्हा लाइन जोडली आणि टपाल उतरवलं. एकच पत्र होतं, चार दिवसांपूर्वी आलेलं. बंगळूरच्या मोठ्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. दुकानदाराला होकार गेलाच नाही.

पुन्हा फोन करून सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "म्हून म्हंतो. लोकं बोलत्यात लई, घेत कायबी न्हाईत."

मुलाखत झाली, नोकरी लागली. बंगळूरला निघताना पेढे घेऊन कॉलेजात गेलो. तात्या संगणकावर स्वतःची ईमेलची पेटी उघडून बसले होते. रिकामी. "न्हाय," म्हणून त्यांनी ती बंद केली. पेढ्यांचा खोका ठेवायला मी कीबोर्ड सरकवला, तर खाली एक कागद. त्यावर ईमेलचा पत्ता होता.

"आमचा म्हादू," तात्या म्हणाले. "हैदराबादला अस्तो. सोताच्या मनानं लग्न केलं, मी बोललो कायबाय. चार वर्सं झाली. हिनं सूनबाईकडनं पत्ता काढलाय."

"मग लिहा की, तात्या."

"आवक न्हाय त्याची."

"पेटी रिकामी निघाली तरी दार उघडतं. आपणच तसं केलंय."

"ते सर्व्हरला," तात्या म्हणाले. "मान्साला न्हाय."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप कोकरे तात्यांस, साष्टांग नमस्कार. मी रुजू झालो. हे पत्र मिळताच रजिस्टरात नोंद करावी. तुमची आवक झाली आहे. ती कुणाकडून व्हावी, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही. तुमची दोन्ही रजिस्टरं मी वाचली आहेत. कागद कीबोर्डखाली आहे. काकूंना नमस्कार. दार अर्धा तास उघडं आहे.
आपला, संपत