तेरा जोड्या आणि एक सर

इतिहासाच्या सरांनी शाळेच्या मैदानावर चार दिवस जी कवायत चालवली होती, ती पाहून शेजारच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं, आठवीची पोरं लढाईवर निघालीत. निघाली होती सहलीला. सरांच्या लेखी मात्र दोन्ही सारखंच होतं.

कारण मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सहलीच्या हाडवैरी. सहा वर्षांत त्यांनी एकही सहल फाटकाबाहेर जाऊ दिली नव्हती. सरांनी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "जा बाबा. पण एक जरी माणूस मागे राहिला, तर मी या खुर्चीत असेपर्यंत पुन्हा सहल नाही."

"बाई, सुईसुद्धा मागे राहणार नाही!" सर बोलून बसले.

मग त्यांनी डोकं लढवून जोडीपद्धत काढली. सव्वीस मुलं, तेरा जोड्या. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. तेरा जोड्या भरल्या की सर म्हणणार, "निघा!" ते म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही, आणि म्हटल्यावर कुणी रेंगाळायचं नाही.

"पण सर, आपणच हरवलो तर?" एका मुलीने विचारलं. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर'नेच सुरू व्हायचं, म्हणून वर्ग तिला पणबाई म्हणायचा.

"तर जागचं हलायचं नाही. घाबरायचं नाही. आपली माणसं शोधत येतात."

सहलीच्या दिवशी सकाळ झकास गेली. नदीकाठचा जुना तट झाला, संग्रहालय झालं. संग्रहालयाच्या दारावरच्या माणसाने तर सरांना विचारलंसुद्धा, "साहेब, फौजेत होता का?" सरांची छाती जी फुगली, ती दुपारपर्यंत काही खाली येईना.

दुपारी होडीने पलीकडच्या काठावर जायचं होतं, घड्याळाचा मनोरा बघायला. मुलं होडीत बसली. सर धक्क्यावरच उभे राहिले, कारण तिथून सगळी नीट दिसत होती. शिट्टी वाजली. हात वर. एक, दोन, तीन... तेरा. सगळं चोख! सरांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "निघा!"

नावाडी आज्ञाधारकपणे निघाला.

पुढे बसलेल्यांना वाटलं सर मागे आहेत, मागच्यांना वाटलं पुढे आहेत. सरांची पिशवीही होडीतच होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. "अहो, थांबा!" सर ओरडले, पण इंजिनाच्या धडधडीत कोण ऐकतंय! शेवटचा उपाय म्हणून त्यांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. होडीतल्या सव्वीसच्या सव्वीस मुलांनी तत्काळ जोडीदाराचे हात वर केले. मागे वळून बघायचं कवायतीत नव्हतं.

सर तिकीटखिडकीकडे धावले. "पुढची होडी कधी?"

"पाऊण तासाने. नावाडी पलीकडे जेवून येईल ना," तिकीटवाला म्हणाला.

"अहो, माझी मुलं गेली पलीकडे!"

"किती?"

"सव्वीस."

तिकीटवाल्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग गळ्यातली शिट्टी बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मास्तर होय! बरं, त्यातली हरवली किती?"

"एकही नाही."

"मग हरवलंय कोण?"

सरांनी आवाज खाली आणला. "मी."

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. मोठ्या बाई. दर दोन तासांनी फोन करीन, हे त्यांनी बजावलंच होतं.

"काय सर, मुलं एकत्र आहेत ना?"

"एकदम एकत्र, बाई."

"कुणा एकाला द्या फोन."

झाली का पंचाईत! वर्षानुवर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेला माणूस, त्याला ऐन वेळी एक साधी थाप सुचेना. सरांनी सगळं सांगून टाकलं. आपण सहल बुडवली, आता येणाऱ्या प्रत्येक आठवीचा शाप आपल्याला लागणार, या विचाराने सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोच डोक्यावरचा भोंगा खरखरला. दोन्ही काठांना मिळून एकच ध्वनिक्षेपक होता आणि पलीकडून त्यावर पणबाई बोलत होती.

"लक्ष द्या! आठवीचे इतिहासाचे सर हरवले आहेत. उंची मध्यम, पोट थोडं पुढे, गळ्यात शिट्टी. सर, घाबरू नका. जागचे हलू नका. आम्ही तेरा जोड्या धक्क्यावरच आहोत, तुम्ही येईपर्यंत मनोरा बघणार नाही. पण सर, तुम्ही जेवलात का? डबा तुमचा इकडे आलाय!"

धक्क्यावरची सगळी माणसं सरांच्या पोटाकडे बघू लागली. तिकीटवाल्याने स्टूल आणून दिलं. "बसा मास्तर. हलू नका हां."

"कोण होती ती?" फोनवर बाईंनी विचारलं.

"वर्गातलीच एक, बाई."

"तिला कुणी सांगितलं असं करायला?"

"कुणीच नाही. तिचं तिनेच केलं."

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "सर, सहा वर्षांपूर्वी सहलीत मी किल्ल्यावर मागे राहिले होते. चपलेचा पट्टा तुटला म्हणून टेकले, वर बघते तर बस गेलेली. तीन तास बसून होते तिथे."

"अरे देवा! पण मग बस परत आली ना?"

"आली की. चित्रकलेच्या बाईंची छत्री राहिली होती, ती न्यायला. मी त्या छत्रीशेजारीच बसले होते."

सरांनी हसू दाबायला ओठ चावला. पण पलीकडून बाईच फिसकन हसल्या, आणि मग हसतच सुटल्या. त्यांना असं हसताना सरांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात कुठे जायचं, ते मुलांना विचारून ठेवा," डोळे पुसल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या. "मीही येतेय. छत्री मात्र कुणाला आणू देऊ नका."