चोरून घातलेलं पाणी

रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला निरीक्षकांनी काचेचं मापाचं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि मोजून अडीचशे मिलिलिटर पाणी कॅटलिया नावाच्या ऑर्किडच्या कुंडीत ओतलं. थेंब कमी नाही की जास्त नाही. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात घालवलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की तराजू पुसायला घ्यायचा. घरात मात्र त्यांची मापं कधी चालली नाहीत. घर बायकोच्या हुकमतीत होतं, आणि बायको आठ महिन्यांपूर्वी गेली.

जाताना मागे ठेवलं ते हे ऑर्किड. नऊ वर्षं तिने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं आणि नऊ वर्षांत त्याने एक फूल म्हणून दिलं नाही. जाडजूड पानं, खाली काकडीसारखी फुगीर खोडं, बस्स. "हे झाड आहे की फुकटा भाडेकरू?" निरीक्षक विचारायचे. "फुलेल हो," ती म्हणायची. "तुमची काय गाडी चुकतेय?"

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तिने त्यांना जवळ बोलावलं. निरीक्षकांना वाटलं, आता काहीतरी जन्माचं बोलणार. ती म्हणाली, "दर रविवारी पाणी. एकदाच. पोराला सांगू नका, तो उत्साहाच्या भरात बुडवून टाकेल. सूनबाईला सांगाल तर तिला वाटेल, आणखी एक काम गळ्यात मारलं. तुम्हीच घाला, गुपचूप. मरू देऊ नका त्याला." चाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप हा असा! पण त्यांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. पाणी घालून झालं की हळूच म्हणायचे, "घातलं बरं का." रिकाम्या खोलीत दुसरं काय बोलणार?

भानगड एवढीच होती की हिशेब जुळेना. सकाळी अडीचशे घालावेत आणि संध्याकाळी कुंडीखालच्या ताटलीत सहाशे निघावेत. दहा ग्रॅमच्या फरकावरून भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडणाऱ्या माणसाने दोन महिने विचार करून निष्कर्ष काढला, की कॅटलियाला घाम येतो.

पुढे झाडाची तब्येत ढासळली. पानं पिवळी पडली, खोडांवर म्हातारपणाच्या सुरकुत्या आल्या. बघणाऱ्याला वाटावं, बिचारं तहानेने कासावीस झालंय. निरीक्षकांनी रविवारच्या जोडीला बुधवार घेतला, मग शुक्रवारही. झाड आणखी सुकलं. जेवताना मुलगा उगाच विचारायचा, "आईचं झाड बरंय ना?" निरीक्षक म्हणायचे, "उत्तम." सून म्हणायची, "छानच." आणि तिघंही ताटात तोंड खुपसायचे.

अशातच एके दिवशी झाडाच्या शेंड्याला एक चपटी हिरवी खोळ दिसली. निरीक्षकांनी भिंग लावून उजेडात पाहिलं तर आत दोन काळसर दाणे. कळ्या! नऊ वर्षांनी! धावत जाऊन सांगावं अशी एकच व्यक्ती होती, आणि तिला सांगायची सोय राहिली नव्हती. घरात सांगावं तर गुपित फुटणार. मग त्यांनी त्या आनंदात शंभर मिलिलिटर जास्त घातले.

बुधवारी दुपारी ते फिरायला निघाले आणि कोपऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला. पाय घासत परत आले, तर बायकोच्या खोलीत मुलगा कुंडीवर वाकून उभा.

"तू ऑफिसला गेला होतास ना?"

मुलगा दचकला. "हो. म्हणजे... गेलोच होतो."

"आणि हातात काय आहे?"

"जग."

"जग दिसतोय मला. आत काय आहे?"

तेवढ्यात दार ढकलून सून आत आली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात खताची पुडी. तिघंही पुतळ्यासारखे उभे राहिले. किटलीतून टपटप पाणी गळत होतं.

"आईने सांगितलं होतं," शेवटी मुलगा पुटपुटला. "म्हणाली, बाबा विसरतील. पण त्यांना कळू देऊ नकोस, मनाला लावून घेतील."

"मला म्हणाल्या," सून किटली पाठीमागे लपवत म्हणाली, "या दोघा पुरुषांच्या भरवशावर राहिलं तर झाड आठवड्यात जाईल. तुझ्यामाझ्यात ठेव."

निरीक्षक पलंग होता त्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर मटकन बसले. "कधी घालत होतात?"

"रविवारी," दोघं म्हणाले. "मग सुकायला लागलं म्हणून बुधवारी आणि शुक्रवारी."

आठवड्यातून नऊ वेळा! निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. कुंडी मांडीवर घेऊन तिघं रिक्षाने नर्सरीत गेले.

नर्सरीवाल्या बाई साठीच्या, नखांत माती आणि जिभेला धार असलेल्या. त्यांनी कुंडी उपडी केली. साल आणि कोळशाचे तुकडे असायला हवे होते तिथून काळा लगदा पडला आणि असा वास सुटला की सुनेने पदर नाकाला लावला.

"मुळं कुजलीत," बाई म्हणाल्या. "मुळंच नाहीत तर पाणी वर चढणार कसं? म्हणून सुरकुत्या."

"आम्हाला वाटलं, तहान लागलीय," मुलगा म्हणाला.

"हो, म्हणून आणखी पाजलंत. कितीजण पाजत होतात?"

"तिघं," सून म्हणाली. "एकमेकांपासून लपून."

"काय वैर होतं याच्याशी?" बाईंनी कुजलेली मुळं कापायला घेतली. मग खोळ दिसली तशी त्यांची कात्री थांबली. "अरेच्चा. कळी धरलीय. आधी कधी फुललं होतं?"

"नऊ वर्षांत एकदाही नाही," निरीक्षक म्हणाले.

"मग यंदा काय बदललं?"

निरीक्षक विचार करू लागले. "तिला अर्धशिशी होती. उजेड सोसायचा नाही. खिडकीवर कायम जाड पडदा असायचा. ती गेल्यावर पडदा धुवायला काढला, तो पुन्हा लावला नाही."

"म्हणजे झाडाला उजेड मिळाला," बाई म्हणाल्या. "याला तेवढंच हवं होतं हो."

निरीक्षकांना एकदम वाटलं, बरं झालं ती हे ऐकायला नाही.

"आता ऐका," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "धड मुळं राहिलीत दोन. तेवढ्यावर एक तर झाड जगेल, नाहीतर फूल येईल. कळ्या ठेवल्या तर फुलेल, आणि मग संपलं. कापल्या तर कदाचित वाचेल. खात्री मी देत नाही."

"ठेवा," मुलगा म्हणाला. "आईने जन्मभर वाट बघितली याची."

"अरे, पण बघायला त्या आहेत का आता?" सून म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिने जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच आहे ते," निरीक्षक म्हणाले. "मरू देऊ नका, म्हणाली होती. फुलवा, असं नव्हती म्हणाली." त्यांनी बाईंच्या हातून कात्री घेतली. खोळ मऊ होती, चिमटीत आतल्या कळ्या लागत होत्या. आयुष्यात शेकडो खोटी वजनं जप्त केली, तेव्हा कधी दोनदा विचार केला नव्हता. आज तीनदा कात्री लावून तीनदा काढावी लागली. चौथ्यांदा कापलं.

"महिनाभर एक थेंब नाही," बाईंनी बजावलं. "आणि यापुढे एकच माणूस."

तो एक माणूस कोण, यावरून घरी भांडण झालं. आजवर लपूनछपून धावणारे तिघं आता "तूच बघ", "नको, तुम्हीच" करायला लागले. शेवटी माळ निरीक्षकांच्याच गळ्यात पडली.

रविवारी सकाळी सात वाजता ते सवयीने भांडं भरून खोलीत आले. अडीचशे, बरोबर. झाडासमोर उभे राहिले आणि मग आठवलं, की घालायचं नाहीये. आज नाही, पुढच्या रविवारीही नाही. काहीही न करणं हेच काम होतं, आणि असं काम त्यांना जन्मात कोणी दिलं नव्हतं. त्यांनी भांडं खाली ठेवलं. आता "घातलं बरं का" तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिच्याशी बोलायला तेवढंच एक वाक्य उरलं होतं.

ते कुंडीखालच्या तिवईवर दोन्ही हात टेकून वाकले आणि ढसाढसा रडायला लागले. हॉस्पिटलात नाही, नंतरही नाही, ते आत्ता. नाकाडोळ्यांतून नुसत्या धारा.

आवाज ऐकून मुलगा आला आणि दारातच डोळे पुसत उभा राहिला. सून पुढे झाली. तिने सासऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवता फिरवता तिची नजर खाली गेली, तसा दुसऱ्या हाताने तिने कुंडी हळूच बाजूला ओढली.

"रडा, बाबा, पोटभर रडा," ती म्हणाली. "फक्त जरा तिकडे तोंड करून. कुंडीत पडतंय."

निरीक्षकांनी हुंदके देत देतच तोंड फिरवलं. मुलगाही दोन पावलं मागे सरकला.