वामनकाकांचं ‘आलंच’

समस्त वसई तालुक्याला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, निर्मळच्या वामनकाका राऊतांनी ‘आलंच!’ असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याने ताबडतोब सावली शोधावी, पाणी प्यावं आणि ‘जेवायला थांबू नका’ असा निरोप घरी धाडावा.

वामनकाका आमचे शेजारी. त्यांची केळीची वाडी आणि आमचं परसदार यांच्यामध्ये फक्त एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणावरून लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचं ‘आलंच’ ऐकतेय. दुनियेतली कुठलीही गोष्ट काकांच्या मते यायच्या बेतात असते. गेलेली वीज, पाहुण्यांचा चहा, गवंडी, सगळं ‘आलंच’. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी टेम्पो नंदाखालला बंद पडला, तेव्हा नव्या नवरीला त्यांनी शालूनिशी चालवत आणलं ते या एका शब्दावर. काकू अजून सांगतात, “हे म्हणाले, त्या माडापाशी आलंच. माडापाशी गेले तर पुढे दुसरा माड!”

दोन वर्षांपूर्वी काकांची मुलगी चित्रा स्कूटरवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. मुंबईत नोकरी करणारी, घरात पाय न ठरणारी तिशीची पोरगी खाटेला खिळली. डॉक्टर म्हणाले, “बघू.” काका म्हणाले, “आलंच!”

मग त्यांनी वाडीतल्या पोफळींना कमरेइतक्या उंचीवर काथ्याची दोरी बांधली. “दोरी संपते त्या पोफळीपर्यंत जायचं, बाय. बस, तेवढंच!” चित्रा दातओठ खात, दोरी धरून तिथवर जायची. दुपारी ती झोपली की काका दोरी सोडायचे आणि आणखी एका पोफळीपर्यंत न्यायचे. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे आणि तोंड शिवून गप्प बसायचे. माझ्यासारख्या बाईला ही केवढी तपश्चर्या, ते माझ्या नवऱ्याला विचारा! पुढे चित्राला संशय आला. तिने बापाला उभं-आडवं झापलं. पण झापलं ते थेट विहिरीपाशी उभं राहून. दोरी तोवर तिथे पोचली होती.

या थंडीत ती घरात काठीशिवाय फिरू लागली. बाहेर पडताना मात्र काठी हवीच. एका संध्याकाळी कुंपणाशी येऊन तिने फर्मान काढलं. “रविवारी तुंगारेश्वरचा डोंगर. मी आणि बाबा. शोभामावशी, तू साक्षीदार. वरच्या पठारापर्यंत गेले, तर काठी सोडून कामावर जायला लागेन. नाही जमलं, तर बाबा, तुमचं ‘आलंच’ कायमचं बंद. खोटं ऐकून ऐकून कान किटले माझे.”

“पठार ना? आलंच!” काका हसत म्हणाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी एकाच वाफ्याला दोनदा पाणी घातलं.

रविवारी चित्राने काठी मुद्दाम घरी ठेवली. काका हाफ पँट, डोक्याला पंचा आणि पिशवीभर सुकेळी, म्हणजे घरच्या वाडीतली सोलून सुकवलेली केळी, अशा थाटात आले. कमरेला कोयताही होता. तो अभयारण्याच्या फाटकावरच्या रखवालदाराने काढून घेतला. “अहो, तो माझा दागिना आहे!” काका म्हणाले. पुढे एका माकडाने पिशवीत हात घालून एक सुकेळं पळवलं. काका रागावले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्याचा चेहरा न्याहाळत उभे राहिले. माकडाने सालीसारखं काही सोलायला मिळतंय का ते पाहिलं, मग गपकन खाल्लं. काका खूश. “गिऱ्हाईक चांगलं आहे!”

देवळापर्यंत रस्ता बरा होता. पुढे चढ लागला आणि माझ्या छातीचा भाता झाला. प्रत्येक वळणावर काका “आलंच!” आणि चित्रा “मागच्या वळणावर काय म्हणालात?” शेवटी मी काकांना बाजूला घेतलं. “मला तरी खरं सांगा. किती राहिलं?”

“मला काय माहीत? मी पहिल्यांदाच येतोय.”

“अहो काका!”

“हळू बोल गं! वाडीतून रोज दिसतो की डोंगर. तोंडओळख आहे.”

खरा चढ त्यानंतर लागला. चित्रा एका दगडावर बसली. पाय थरथरत होता आणि तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. “नाही होत, बाबा. बस झालं.” काकांनी तोंड उघडलं. तिने बोट वर केलं. “अजिबात म्हणायचं नाही.”

काकांनी तोंड मिटलं. मग ते एकटेच वरच्या वळणाआड गेले.

जरा वेळाने वरून चार बायका उतरत आल्या. आम्हाला बघताच चौघी एका सुरात म्हणाल्या, “आलंच गो बाय! हे काय, आलंच!”

चित्राने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चौघींचे गाल फुगलेले. एकीच्या हातात अर्धं सुकेळं. मागे झाडाआड पंच्याचं टोक.

“बाबा! तुम्ही लाच दिलीत?”

“चवीला दिलं,” झाड म्हणालं.

चित्रा हसायला लागली. त्या बायकाही हसल्या. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि डोळे पुसत ती कधी उठून चालायला लागली, ते तिचं तिलाही कळलं नसावं. मी मात्र मागे राहिले. बायकांनी माझ्याही हातावर एक सुकेळं ठेवलं.

मी पठारावर पोचले तेव्हा चित्रा दोन्ही पायांवर सरळ उभी होती. खाली हिरव्या वाड्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची चकाकती रेघ. “बाबा, बोला आता,” ती म्हणाली. “जिंकलात तुम्ही. घ्या म्हणून काय म्हणायचं ते.”

मी विजयाचं भाषण ऐकायला बूड टेकलं. काकांनी डोक्याचा पंचा सोडला, तोंडावर दाबला. बराच वेळ पंच्याआड त्यांचे खांदे हलत राहिले. चित्रा घाबरून जवळ गेली, तसा त्यांनी पंचा बाजूला केला आणि पठारभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “बाय, तू परत चालशील असं मला एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं गं!”