डोळ्याला त्वचेचा दर्जा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या उजव्या डोळ्यात, पांढऱ्या भागावर, काळा ठिपका उगवला. भिंग ते याच डोळ्याला लावत, म्हणजे घर हाच डोळा चालवायचा. बायकोने त्यांना खिडकीशी उभं करून पाहिलं आणि सांगितलं, "खसखशीएवढा आहे. आजच दाखवून या."

रुग्णालयातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, साधा तीळ असेल, नाहीतर वाईट गाठीची सुरुवात. त्वचा विभागात एक यंत्र आहे. न कापता आतल्या पेशी दाखवतं, डोळ्यावरही चालतं. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, पाच मिनिटांचं काम."

"मग आत्ताच उरकून टाकतो," घड्याळवाले म्हणाले. भाबडा माणूस, दुसरं काय!

त्वचा विभाग समोरच होता. तिथल्या कारकुनाने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "यंत्राची नोंद त्वचेसाठी आहे. डोळा ही त्वचा आहे, असा दाखला आणा."

"अहो, डोळा तो डोळाच की!"

"तेच तर म्हणतोय मी."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ आवरण असतं, असं लिहून दिलं. आवरणाला त्वचा म्हणावं की नाही, यासाठी समिती बसली. पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडले, दुसरीत त्यांचा सत्कार झाला. तोवर ठिपका मोहरीएवढा झाला होता. ही नोंद बायकोची. इतिवृत्तात ती नाही. तिसऱ्या बैठकीत ठराव झाला: 'सदर रुग्णाचा उजवा डोळा येत्या मंगळवारी सकाळी अकरा ते साडेअकरा त्वचा समजण्यात यावा. डाव्या डोळ्याने हा पायंडा मानू नये.'

मंगळवारी आधी अर्ज भरून घेतला. त्वचेवर केस आहेत काय? नाहीत. साबण कोणता लावता? "साबण गेला तर झोंबतं हो," घड्याळवाले म्हणाले. कारकुनाने 'साबणाची ॲलर्जी' असं लिहिलं.

प्रतिमा मात्र अप्रतिम आली. पेशी न् पेशी मोजून घ्यावी. डॉक्टरीणबाई धावत पाहायला आल्या, तर कारकून दारात उभा. "बाई, ही त्वचेची प्रतिमा आहे. तुम्ही डोळ्यांच्या."

त्वचेचे डॉक्टर प्रामाणिक होते. आपल्याला डोळ्यातलं काही कळत नाही, हे त्यांनी तोंडी कबूल केलं. पण अहवालाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी लिहिलं, 'त्वचा प्रमाणाबाहेर ओलसर. उन्हात झाकून ठेवावी.'

साडेअकरा वाजले आणि डोळा पुन्हा डोळा झाला. प्रतिमा तेवढी त्वचाच राहिली. डॉक्टरीणबाईंनी ती मिळवण्यासाठी नवा अर्ज केला. त्यावर नवी समिती बसणार आहे.

घरी आल्यावर बायकोने दारातच विचारलं, "काय निघालं?"

"त्वचा."

शेजारी जमले, सगळी हकीकत ऐकून पोट धरून हसले. मग कोणी ठरावाची नक्कल मागितली, कोणी कारकुनाची. घड्याळवाल्यांनी ती दोनदा करून दाखवली. तुम्हालाही हसू आलंच असेल. बायको तेवढी हसली नाही. तिने त्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं आणि डोळ्याची पापणी वर केली. ठिपका आता केवढा झालाय, हे तिच्याशिवाय कोणीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही.