तटस्थ राष्ट्राचे रविवार

लीड्सच्या आमच्या हॉस्पिटलात ड्यूटीचा रोटा डॉक्टर दाते लावत, आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकल्याशिवाय त्यात ते एकही नाव लिहीत नसत.

कारण आमचे दोन रजिस्ट्रार. रेझा इराणचा, युसुफ इराकचा. मधल्या नदीच्या एका काठाला याचं गाव, दुसऱ्या काठाला त्याचं. तिकडे युद्ध पेटलं आणि त्याच आठवड्यात दात्यांनी इकडे ठरवून टाकलं की हे दोघं एका ड्यूटीवर नकोत. "सीमेवर तणाव आहे रे," असं ते मला सांगत; सीमा जशी काही आमच्या एक्स-रेच्या खोलीबाहेरून जात होती. रविवारी दोन डॉक्टर लागत. म्हणून एका रविवारी रेझा, पुढच्या रविवारी युसुफ, आणि तटस्थ राष्ट्र या नात्याने दर रविवारी दाते स्वतः.

डॉक्टरांच्या मेसमध्येही तेच. दोघं समोरासमोर आले की हा गृहस्थ मध्ये खुर्ची सरकवून बसणार, डब्यातला चिवडा दोघांना अगदी सारखा वाटणार आणि हवामानावर बोलणार. तेल, नदी आणि धर्म हे विषय बंद. कुणी काढलेच तर "वाटाघाटी चालू आहेत" असं म्हणून ते चहा आणायला उठत. सात-आठ वर्षं मी हे ऐकलं. लढणारे थकले की नाही कोण जाणे, मी मात्र पार थकलो.

बरं, एका शनिवारी लेकीला पोहायला नेलं, तर रेझा आणि युसुफ एकाच बाकावर मुलांचे ओले टॉवेल मांडीवर घेऊन बसलेले. दर शनिवारी एकाच गाडीतून येतो, म्हणाले. फक्त दात्यांना सांगू नकोस, एवढं त्यांनी मला बजावलं. का, ते मी विचारलं नाही.

मग एकदाचं युद्ध थांबलं. सोमवारी दाते नवा रोटा घेऊन मेसमध्ये आले. रविवारच्या रकान्यात रेझा आणि युसुफ शेजारी शेजारी, दात्यांचं नाव कुठेच नाही. चेहरा मात्र असा, की हरले तेच. रेझाने कागद वाचून युसुफकडे दिला.

"डॉक्टर दाते," युसुफ म्हणाला, "नुसत्या युद्धविरामावर भरवसा कसा ठेवायचा? जुनाच रोटा राहू द्या."

दात्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि खिशातून खोडरबर काढलं.

कार पार्कमध्ये मला राहवेना. म्हटलं, "अहो दाते, ते दोघं तर..."

"शनिवारी एकत्र पोहायला जातात. त्यांची पोरंच सांगतात मला," दाते म्हणाले. गाडीची किल्ली त्यांनी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "युद्ध सुरू झालं त्याच वर्षी तुझी सुधावहिनी गेली. इतर दिवस निघतात रे कसेबसे. पण रविवारी त्या घरात मी एकटा करू काय?"