गोळी बदलायची आहे

यंत्र कुठलंही असो, ते उघडून आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ब्रिस्टलमध्ये बावीस वर्षं विमानांचे पंख डिझाइन करतेय मी, उगाच नाही! त्यामुळे रायफल क्लबात गेले तरी माझं लक्ष निशाण्यापेक्षा रायफलीच्या पोटात. माझी रायफल सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप येऊन बसते. या देशात तिला पॉइंट टू-टूचीच बारकी गोळी चालते. पण त्याच जाडीची जरा लांब, जोरकस गोळीही मिळते, आणि तीही कायद्यात बसते. नळी आणि आतले भाग बदलून ती घातली तर हीच रायफल कशी वागेल? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मी दोनदा आमटीत मीठ विसरले.

बदलाचं काम गनस्मिथ करणार होता. मला फक्त पोलिसांकडून लायसन्समध्ये तसा बदल करून घ्यायचा होता.

"त्यांचा माणूस येणार, रायफलीचं कपाट बघणार, चहा पिणार, झालं," मी नवऱ्याला म्हटलं.

"आई आहे घरात, वरदा," रवी म्हणाला.

"मग? त्या काय गोळ्या झाडणार आहेत?"

सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. आता झालं असं, की क्लबातले माझे जोडीदार श्रीनिवास हे पेशाने डॉक्टर. त्यांना मी स्वयंपाकघरातून फोन केला. "डॉक्टर, गोळी बदलायची हे नक्की. आत्ताची फारच बारीक आहे हो, लांबवर परिणामच होत नाही. मोठी देऊन बघू, काय होतंय ते."

मागे सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांच्या हातातली काडी हातातच राहिली. त्यांना बीपी आहे, गोळी बारीक आहे आणि मोठी गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचे व्हिटलॉकसाहेब आले. साधा कोट, हातात बॅग, बोलणं हळू. म्हणजे हुबेहूब घरी तपासायला आलेला डॉक्टर. त्यांनी वर येऊन कपाट बघितलं, रायफलीचा नंबर ताडून पाहिला, मान डोलावली. मग ते खाली चहाला बसले आणि मी गनस्मिथचं पत्र शोधायला वर गेले. खाली सासूबाई आणि आमची मायरा. मायरा बावीस वर्षांची, कायद्याचा अभ्यास करते, जन्म इथलाच. आमच्या घरात औषधाच्या गोळीला टॅब्लेट म्हणतात. गोळी हा शब्द तिने माझ्याच तोंडून ऐकलेला, आणि तोही क्लबाच्या संदर्भात.

पत्र घेऊन मी जिन्यात आले, तोच खालून सासूबाईंचा आवाज आला. "यांना सांग, माझ्या गोळ्यांना कुणी हात लावायचा नाही. मी त्या तांदळाच्या डब्यात लपवल्यात."

"आजी म्हणते," मायरा स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "तिच्या बुलेट्सना हात लावू नका. तिने त्या तांदळात लपवल्यात."

पत्र माझ्या हातातून पडलं. व्हिटलॉकसाहेबांचा कप बशीवर वाजला. "किती आहेत?"

मायराने विचारलं, "आजी, किती गोळी आहे तुझा?"

"एकशे ऐंशी. विमानातून आणल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या मंजिरीलाही दिली एक. डोकं उठलं होतं बिचारीचं. एका गोळीत गप्प झाली."

याचंही भाषांतर झालं. शब्दाला शब्द. मी चार पायऱ्या एकदम उतरले, पण तोवर साहेब उभे राहून विचारत होते, "ही मंजिरी आत्ता कुठे आहे?"

मंजिरी आत्ता ऑफिसात आहे, ठणठणीत आहे, हे सांगता सांगता मी तांदळाचा डबा टेबलावर पालथा केला. बीपीच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं बाहेर आली. साहेबांनी एकेक पाकीट उजेडात धरून वाचलं आणि मग इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सासूबाईंनाही सगळा उलगडा झाला. गोळी आपली बदलत नाहीये म्हटल्यावर त्यांनी साहेबांपुढे चकलीची बशी सरकवली. माझ्या जिवात जीव आला. लायसन्स जाता जाता वाचलं होतं.

"आता शेवटचा प्रश्न," साहेब चकली मोडत म्हणाले. "कपाटाची किल्ली कुठे असते, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाही नाही," मी ताठ मानेने सांगितलं. "नवऱ्यालासुद्धा नाही. कायदाच आहे तसा."

सासूबाईंना इंग्रजीतला 'की' तेवढा कळला. सुनेला मदत करायची हीच वेळ, असं त्यांना मनापासून वाटलं.

"किल्ली होय? शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. सांग यांना, खंडेनवमीला मीच कपाट उघडून बंदुकीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि पुसून जिथल्या तिथे ठेवली. वरदाला कुठला वेळ असतो."

मी मायराकडे डोळे वटारून बघितलं. तिने ते बघितलं नाही. माझ्या लेकीने आयुष्यात पहिल्यांदाच आजीचं अख्खं मराठी बोलणं बिनचूक भाषांतरित केलं.