नलिनीबाईंच्या कासवाचा थर्मोस्टॅट

नलिनीबाई एसटीत चढल्या की आधी ड्रायव्हरपाशी जायच्या आणि विचारायच्या, "रात्री झोप नीट झाली ना?"

बहुतेक ड्रायव्हर हसून मान हलवायचे. एकदा जिंतूरच्या गाडीवरचा एक जण म्हणाला, "झोप? ती तर आत्ता बी यायलीय की बाई." बाई तिथल्या तिथं खाली उतरल्या आणि पुढच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसून राहिल्या. बसण्याआधी त्यांनी बाकडं हलवून बघितलं असणार, हे मी न पाहताही सांगू शकतो.

परभणीतल्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. घरमालकानं एकाच घराचे दोन भाग करून एक आम्हा नवरा-बायकोला आणि दुसरा बाईंना दिला होता. मधे भिंत, पण अंगण एकच. बाई चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं दर दुसरं वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं. "समजा, स्टोव्ह भडकला." "समजा, या चिंचेची फांदी नेमकी तुमच्या सायकलवर पडली." माझी बायको शालन बोरीची, शेतकऱ्याघरची. ती म्हणायची, "बाईच्या डोक्यात रोज एक घर जळायलंय अन् दोन गाड्या उलटायल्यात."

अशा बाईंच्या दारात एका डिसेंबरात वनखात्याचा एक माणूस पोतं घेऊन उभा राहिला. पोत्यात कासव होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, कुणा फेरीवाल्याकडून जप्त केलेलं. त्याचं नाक वाहत होतं आणि डोळे उघडत नव्हते. "तुमी त्यातल्या जाणकार. बरं होईस्तोवर सांभाळा, मग आमी नेतो," असं म्हणून तो गेलासुद्धा.

परभणीची थंडी ज्यानं सोसली नाही त्याला सांगून कळायची नाही. दुपारी डोकं तापतं आणि पहाटे बादलीतल्या पाण्याला हात लावला की बोटं बधिर होतात. बाई म्हणाल्या, "सर, हा प्राणी स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. बाहेरून मिळेल तेवढीच त्याची. गारठला की खाणं बंद, आणि मग छाती भरते."

त्यांनी लाकडी खोका आणला, त्याला काच बसवली आणि आत एका टोकाला दिवा लावला. दुसरं टोक मुद्दाम गार ठेवलं, म्हणजे कासवाला हवं तिकडं सरकता यावं. पण दिवा लावून ठेवला तर खोका भट्टीसारखा तापे आणि विझवला की गार पडे. तेव्हा बाई खुर्ची टाकून खोक्यापाशी बसल्या. थर्मामीटर बघून दिवा लावायचा, थर्मामीटर बघून विझवायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वर्गात बेडकाचं हृदय शिकवता शिकवता फळ्याला टेकून झोपल्या. मुलांनी शहाणपणानं आवाज केला नाही.

"तापलं की आपोआप दिवा विझवणारं आणि निवलं की लावणारं काही मिळत नाही का?" मी विचारलं.

"थर्मोस्टॅट. मिळेल. पण कोणता घ्यायचा?" बाईंच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती, की जणू मुलीसाठी स्थळ बघायचंय.

पहिलं स्थळ रशीदभाईंच्या दुकानात होतं. रशीदभाई रेडिओपासून इस्त्रीपर्यंत सगळं दुरुस्त करायचे. त्यांनी जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट काढून दिला. "ले जाव बाई. एकदम मजबूत माल हाय."

बाईंनी तो उलटसुलट केला. बटणावर कापडांची नावं होती. "रशीदभाई, कासवाला सुती ठेवू का रेशमी?"

"रेशमी ठेवा की. नाजूक जनावर हाय."

"अहो, रेशमीवरसुद्धा त्याचा पापड होईल!"

मग फ्रिजचा निघाला. बाईंनी समजावलं, की हा उलट्या स्वभावाचा. तापलं की मशीन सुरू करतो आणि गार झालं की बंद. आपला दिवा यानं भर उकाड्यात लागेल. गीझरचा निघाला, पण तो अंघोळीच्या पाण्याच्या हिशोबानं चालणारा. चार-पाच अंशांचा फरक त्याच्या खिजगणतीतही नव्हता. रशीदभाईंनी कपाळाचा घाम पुसला. "बाई, लाख इलेक्ट्रिकच्या चिजा बनवल्या मी. असली गिऱ्हाईक न्हाई पाहिली."

शेवटी कोंबड्यांच्या फार्मवर स्थळ जमलं. अंडी उबवायच्या यंत्रात पितळेची पातळ, चपटी डबी असते. तिच्यात ईथर भरलेलं. ऊब वाढली की डबी फुगते आणि बटण दाबून दिवा विझवते. स्क्रू फिरवून तिला हवी तिथं आणता येतं. बाईंनी ती तळहातावर धरली, तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं.

"समजा, डबी गळली," बाई म्हणाल्या. "मग ती फुगणारच नाही. दिवा जळतच राहील."

"मग?"

"दोन घ्यायच्या. दुसरी जरा वरच्या उष्णतेला लावायची. पहिली चुकली तर ती दिवा विझवेल."

"आणि दुसरी चुकली तर?"

"मी आहे ना."

खोका चालू झाला. आमच्या भिंतीपलीकडून टिक् असा आवाज यायचा, दिवा विझायचा. थोड्या वेळानं पुन्हा टिक्. कासवानं डोळे उघडले आणि मेथीचं एक पान खाल्लं. बाईंनी त्याचं नाव मात्र ठेवलं नाही. "परत द्यायचंय. नाव ठेवलं की जीव अडकतो," म्हणायच्या, आणि सकाळी त्याच्या नाकाखाली आरसा धरून श्वास बघायच्या.

जानेवारीत त्यांना प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पाथरीला जावं लागलं. सकाळी जाऊन दुपारी परत. शालनला त्यांनी खोक्याची एवढी माहिती दिली, की ती म्हणाली, "बाई, कासव हाय का बाळंतीण?"

त्याच दुपारी वीज गेली. खोका थंड पडू लागला, कासवानं मान आत घेतली. मी घाबरून रबरी पिशवीत गरम पाणी भरायला धावलो. शालननं शांतपणे कासव उचललं, अंगणातल्या उन्हात पोत्यावर ठेवलं आणि घारीकावळ्यासाठी काठी घेऊन शेजारी बसली. थोड्या वेळानं मान बाहेर आली. ऊन कलल्यावर तिनं ते गरम पिशवीवर फडकं घालून खोक्यात ठेवलं.

पण बाई आल्या नाहीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. कुठं काय होईल आणि एसटी कधी थांबेल याचा नेम नसे. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, की दुपारपासून पाथरीकडची एकही गाडी आलेली नाही. मी स्टँडवर दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला स्टँड रिकामा होता आणि कंट्रोलरनंही खिडकी ओढून घेतली होती. घरी शालन उंबऱ्यात बसलेली. चूल पेटवायचंही तिला सुचलं नव्हतं. "बाईमाणूस एकटी. कुठं आडकली असंल? जेवली असंल का?" असं ती माझ्याशी नाही, रस्त्याशीच बोलत होती.

दिवेलागण उलटल्यावर वळणावर ट्रक थांबला. बाई उतरल्या. कापसाच्या ट्रकमधून आल्या होत्या. केसांत, पदरावर, भुवयांवर कापूस. त्या थेट दाराकडं धावल्या, "खोक्याचं काय? वीज गेली होती म्हणे..."

शालन उठली आणि त्यांच्यावर अशी कडाडली, की मीच दचकलो. "मसणात गेला तुमचा खोका! किती येळ झाला? एखादा निरोप धाडता येत न्हाई का कुणाबरोबर? जीव टांगणीला लागलाय आमचा!"

बाई पायरीवर थबकल्या. "कासव..."

"कासवाला काय धाड भरलीय? मेथी खाऊन बसलंय ते. मी तुमचं बोलायलेय!"

"माझं?" बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दात खरोखरच प्रश्न होता. सगळ्या गावाच्या अपघातांचा विचार करणाऱ्या या बाईला आपल्यासाठी कुणी उंबऱ्यात बसेल, हे सुचलंच नव्हतं. त्या पायरीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. शालननं राग गिळून त्यांच्या केसांतला कापूस वेचायला सुरुवात केली.

उन्हाळ्याच्या तोंडी वनखात्याचा माणूस येऊन कासव घेऊन गेला. ते चांगलं धडधाकट झालं होतं.

बाईंना मात्र एक नवी सवय लागली. साधी भाजी आणायला निघाल्या तरी आमच्या दारात थांबून कुठं निघालोय आणि कधी येऊ ते सांगायच्या. शालन आतून "बरं" म्हणायची. तेवढं ऐकल्यावरच त्या अंगण ओलांडायच्या.